‘फेलोशिप’चा गेम आणि ‘टू टॉवर्स’चा गेम: घराणी दोन

प्लेस्टेशन २ च्या जुन्या डिस्कांच्या ढिगात ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची दोन खोकी बऱ्याचदा शेजारी-शेजारी सापडतात. दोन्ही २००२ ची. एकावर ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’, दुसऱ्यावर ‘द टू टॉवर्स’. पाहणारा सहज धरून चालतो, की हा भाग पहिला आणि तो दुसरा. मीही तसंच धरलं, पहिली डिस्क लावली आणि शायरमध्ये फ्रोडोच्या घराची कागदपत्रं पोहोचवत हिंडत बसलो. पुढे गोष्टीतला योद्धा ॲरागॉर्न भेटला, तर तो सिनेमात ती भूमिका करणाऱ्या व्हिगो मॉर्टेन्सनसारखा दिसेचना. डिस्क नकली निघाली, म्हणून मी चरफडलो. पण डिस्क अस्सल होती. चूक माझ्या समजुतीत होती.

हा ‘फेलोशिप’ सिनेमाचा गेम नव्हेच. तो मूळ गोष्ट लिहिणाऱ्या टॉल्किनच्या पुस्तकावरचा गेम.

टॉल्किननं सिनेमाचे हक्क १९६९ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सला विकले. १९७६ मध्ये ते सॉल झेंट्झकडे आले आणि त्याच्या टॉल्किन एंटरप्रायझेसकडे पुस्तकावरून गेम काढू द्यायचा अधिकार राहिला. ‘फेलोशिप’चा गेम काढणाऱ्या विवेंडी युनिव्हर्सलनं परवानगी घेतली ती इथून. पीटर जॅक्सननं दिग्दर्शित केलेले सिनेमे मात्र न्यू लाइन या चित्रपट कंपनीचे, आणि त्या सिनेमांवरून गेम काढायची परवानगी मिळाली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला, म्हणजे ईएला. एकाच गोष्टीचे असे दोन सातबारे झाले. विवेंडीला नटांचे चेहरे, सिनेमातली दृश्यं, संगीत यांतलं काही वापरता येईना. ईएला जे पडद्यावर नाही ते दाखवता येईना.

दोन्ही गेम खेळताना ही वाटणी जागोजाग जाणवते. विवेंडीच्या गेममध्ये फ्रोडो, ॲरागॉर्न आणि गँडाल्फ असे तिघं आळीपाळीनं आपल्या हातात येतात. फ्रोडोला अंगठी घालून अदृश्य होता येतं, पण पडद्यावर शुद्धतेचा एक पट्टा असतो आणि अंगठी बोटात असेपर्यंत तो उतरत जातो. अंगठीच्या मागावर असलेल्या काळ्या स्वारांपासून लपायचं, लोकांची बारीकसारीक कामं करायची. सिनेमानं गाळलेलं जुनं अरण्यही इथे आहे आणि तिथे राहणारा, गाणी गात हिंडणारा टॉम बॉम्बाडिलही आहे. हा बाबा आपल्याला त्याच्या बायकोसाठी, गोल्डबेरीसाठी, पाण्यातली कमळं आणायला पिटाळतो! जगबुडी तोंडावर असताना फुलं वेचायची कल्पना मला भलतीच आवडली. पण खरं सांगायचं तर लढाई ढिली आहे आणि मधला बराच वेळ नुसता चालण्यात जातो.

ईएचा ‘टू टॉवर्स’ म्हणजे सरळ हाणामारी. तो स्टॉर्मफ्रंट स्टुडिओजनं बनवला. ॲरागॉर्न, लेगोलास, गिमली यांतला एक निवडायचा आणि ऑर्क, म्हणजे शत्रूचे राक्षसी सैनिक, कापत सुटायचं. वार जितका नेटका तितकी शाबासकी वरची, आणि कमावलेल्या अनुभवातून नवे डाव विकत घ्यायचे. यातली खरी करामत मात्र लढाईत नाही, सुरुवातीच्या काही मिनिटांत आहे. सिनेमाचा तुकडा चालू असतो, चित्र हळूच विरघळतं, आणि आपण बघत होतो तो सैनिक आता आपल्या बटणांवर हलतोय हे एक क्षण उशिरा लक्षात येतं. पुढे हेल्म्स डीप या किल्ल्याच्या तटावर शिड्या लागतात, आपण लाथेनं त्या उलथून टाकायच्या. गेम ऑक्टोबरमध्ये आला आणि सिनेमा १८ डिसेंबरला. म्हणजे काही जणांनी हा तट पडद्यावर बघण्याआधी लढवला होता.

नावाचा आणखी एक घोळ आहे. या ‘टू टॉवर्स’चा जवळजवळ अर्धा भाग पहिल्या सिनेमातला आहे: वेदरटॉप, मोरियाचं दार, बालिनची समाधी, ॲमन हेन. म्हणजे पहिल्या सिनेमाचा गेम हवा असेल तर दुसऱ्याचं नाव असलेलं खोकं उचलायचं. ‘फेलोशिप’ नाव असलेलं खोकं उचलाल तर हाती पुस्तक येईल. ओळखायची सोपी खूण म्हणजे खोक्यावरचे चेहरे. ते सिनेमातल्या नटांचे असतील तर गेम ईएचा.

पुढे ईएच्या घराण्यात २००३ मध्ये ‘रिटर्न ऑफ द किंग’ आला आणि त्यात दोघांना मिळून खेळता येऊ लागलं. विवेंडीचा पुढचा भाग ‘ट्रीझन ऑफ आयसेनगार्ड’ ठरला होता, तो रद्द झाला. २००५ मध्ये ईएनं पुस्तकाचेही हक्क मिळवले. त्यानंतरचा, २००६ चा ‘बॅटल फॉर मिडल-अर्थ २’ उघडून पाहा. त्यात ऐन रणधुमाळीत मदतीला बोलावता येणारा, गात-उड्या मारत शत्रूंना उधळणारा जो दाढीवाला आहे, तो टॉम बॉम्बाडिल.