पणजोबा लढले ती जागा जुन्या हवाई फोटोत शोधायचीय? कागदं कोणती, अर्ज कुठं

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घराच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांचं डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारी नोंदवही) सापडलं, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला पण सर्व्हिस नंबर आणि १/५ मराठा (पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण) एवढं वाचता येतंय. हीच पलटण ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर भिडली होती, शिपाई नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळाला तो तिथलाच. जर्मनांनी नदीचे दोन्ही पूरबांध आतून पोखरून मोर्चे (लपून लढायच्या जागा) केलेले, आणि ते वरून टिपलेले फोटो आजही मागवता येतात.

पण डायरेक्ट फोटो मागायला जाऊ नका, कारण आधी तारीख आणि जागा लागते, आणि त्यासाठी पलटण कळायला हवी. सर्व्हिस नंबर अर्धवट असेल तर फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसात (सैनिकांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) माहिती अधिकारात अर्ज टाका, पात्रता एवढीच की तुम्ही भारतीय नागरिक पाहिजे, फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते, उत्तराची मुदत ३० दिवस. नातं दाखवणारा कागद (शाळेचा दाखला, वारस नोंद) सोबत जोडलेला बरा. आणि हो, तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस आपल्या नाशिकरोड कॅम्पात, मराठा पलटणीचं मात्र बेळगावला. मी पठ्ठ्या रिक्षात बसून नाशिकरोडला निघालोच होतो!

पलटण कळली की तिची वॉर डायरी (युद्धातली रोजची नोंदवही) बघायची. इटलीतल्या पलटणींच्या डायऱ्या लंडनला क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमधे आहेत, कॉपी पैसे भरून घरबसल्या मागवता येते. त्यातली जागा जुन्या लष्करी ग्रिडच्या (नकाशावरच्या चौकटींच्या) आकड्यांत असते, ते आकडे तसेच गुगल मॅपवर टाकले तर काहीच हाती लागत नाही, आधी बदलून घ्यावे लागतात. मला वाटतं अर्धे लोक इथंच कंटाळतात.

मग फोटो. एडिनबराला नॅशनल कलेक्शन ऑफ एरियल फोटोग्राफी आहे, युद्धातले टेहळणी फोटो तिथं सांभाळलेत. कुठल्याही देशाचा माणूस मागू शकतो, नातं वगैरे कोणी विचारत नाही. वेबसाइटवर नकाशात जागा शोधायची, स्कॅन झालेलं नसेल तर पैसे देऊन शोधून मागायचं. अर्जात गाव, नदीचा कुठला काठ आणि 'या तारखेच्या आधीचा' असं स्पष्ट लिहा, हल्ल्यानंतरच्या फोटोत बॉम्बचे खड्डेच जास्त असतात.

एक फ्रेम मागवू नका, लागोपाठच्या दोन मागवा. दोन्हींत साधारण ६० टक्के भाग सारखा येतो आणि स्टिरिओस्कोपखाली (दोन फोटो एकत्र बघून उंचसखलपणा दाखवणारं भिंग) बांध उठून दिसतो. ताजी उकरलेली माती पांढरट दिसते, खंदक नागमोडी काळ्या रेघेसारखा. फोटो धरताना सावल्या आपल्याकडं पडतील असाच धरा, मी उलटा धरला होता आणि दोन दिवस खंदकालाच बांध समजत होतो.