मूल उशिरा बोलतंय, एका जागी बसत नाही: सरकारी मदत कुठून आणि कशी मिळते?

अडीच वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर घरातले म्हणतात, ‘थांबा जरा, त्याचे बाबाही उशिराच बोलले.’ थोडी माहिती असलेले सांगतात, ‘आधी दिव्यांगाचा दाखला काढा, मगच थेरपी मिळेल.’ पहिल्या सल्ल्यात वेळ जातो आणि दुसऱ्यात त्याहून जास्त. तपासणी आणि थेरपी सुरू करायला दाखला लागत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि थेरपीचं काम आधी करायचं.

त्यासाठीची सरकारी योजना म्हणजे 2013 साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. भाषेच्या विकासातला विलंब आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) या दोन्ही गोष्टी त्याच्या तपासणीच्या यादीत आहेत, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं. या कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी व अनुदानित शाळेत येतं. पथक पुन्हा येईपर्यंत थांबू नका. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना सांगून पथकाच्या डॉक्टरांकडून संदर्भ चिठ्ठी घ्या. मूल खासगी नर्सरीत असेल, तर पथक तिथे येणार नाही. अशा वेळी जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून थेट बालरोग विभागात दाखवा.

पुढचा टप्पा म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. रुग्णालयात मात्र ‘डीईआयसी’ कुठे आहे असं विचारा, कारण हे मराठी नाव तिथे क्वचितच कुणी वापरतं. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, श्रवण व वाचा तज्ज्ञ, विशेष शिक्षक असे लोक एकाच छताखाली असावेत, अशी या केंद्राची रचना आहे. सगळीकडे सगळी पदं भरलेली नसतात. म्हणून स्पीच थेरपिस्ट कोणत्या वारी असतात, हे आधी विचारूनच निघा. मुंबई आणि परिसरातल्या पालकांना वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचाही पर्याय आहे. वाचा आणि श्रवण हेच तिचं मुख्य काम आहे.

बोलण्यातल्या विलंबासाठी गेलात की सर्वात आधी कानाची तपासणी होते, किंवा व्हायला हवी. हाक मारल्यावर मूल वळून बघतं, म्हणजे त्याला सगळं नीट ऐकू येतं असं नाही. ‘बेरा’ तपासणीत डोक्याला इलेक्ट्रोड लावून आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते पाहतात. लहान मूल तेव्हा झोपलेलं असावं लागतं, त्यामुळे वेळ घेतानाच मुलाला कधी झोपवायचं ते विचारून घ्या. झोपेचं औषध मनाने देऊ नका.

एडीएचडीचं निदान एका भेटीत होत नाही आणि कुणी दहा मिनिटांत केलंच, तर दुसरं मत घ्यावं. लक्षणं किमान सहा महिने दिसलेली असावी लागतात आणि तीही एकाहून जास्त ठिकाणी, म्हणजे घरी आणि बालवाडीतही. म्हणून बाईंनी लिहिलेल्या चार ओळींचं वजन मोठं असतं. ‘फार खोडकर आहे’ असं लिहून उपयोग नाही. गोष्ट सांगताना किती वेळ बसतो, रांगेत थांबतो का, एक सूचना किती वेळा द्यावी लागते, हे लिहून मागा. चार वर्षांच्या आत डॉक्टर सहसा हा शिक्का मारत नाहीत. सहा वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये पहिला उपचार गोळ्यांचा नसून पालकांच्या प्रशिक्षणाचा असतो. तिथे आईबाबा दोघांनीही जावं. एकटी आई शिकून आली आणि घरात बाकीचे आपल्याच पद्धतीने वागत राहिले, तर फारसं काही बदलत नाही.

जाताना मुलाचा जन्मदाखला, मुलाचं आणि पालकांपैकी एकाचं आधार, शिधापत्रिका, लसीकरणाच्या नोंदी असलेलं माता-बाल संरक्षण कार्ड आणि जन्माच्या वेळचा डिस्चार्ज पेपर सोबत ठेवा. बाळ उशिरा रडलं होतं का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, हे डॉक्टर विचारतातच. फोनवर मुलाच्या खेळण्याबोलण्याचे छोटे व्हिडिओही असू द्या, कारण अनोळखी खोलीत मूल वेगळंच वागतं. मूळ कागद जवळ ठेवून झेरॉक्सच द्या.

आता दाखल्याचं बघू. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि त्यात एडीएचडीचं नाव नाही. ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ आहे, पण ते शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेल्या कायमच्या दोषासाठी. नुसतं उशिरा बोलणं त्यात बसत नाही. तपासणीत स्वमग्नता (ऑटिझम), श्रवणदोष किंवा बौद्धिक अक्षमता निघाली, तर मात्र अर्ज जरूर करा. पाच वर्षांपर्यंत बौद्धिक अक्षमतेऐवजी सर्वांगीण विकास विलंब असं निदान लिहितात. तो दाखला तात्पुरता असतो, मुदत संपली की पुन्हा तपासणी होते. अध्ययन अक्षमतेचा (वाचन, लेखन किंवा गणितातल्या विशिष्ट अडचणीचा) दाखला आठव्या वर्षाआधी मिळत नाही, त्यामुळे त्यासाठी पहिलीतल्या मुलाला घेऊन खेटे घालू नका.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो. मुलाचा सहा महिन्यांच्या आतला फोटो, आधार आणि वैद्यकीय कागद अपलोड करून रुग्णालय निवडायचं. नोंदणी क्रमांक जपून ठेवा. ऑक्टोबर 2024 च्या सुधारित नियमांनुसार वैद्यकीय प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या खाली असेल तर पांढरं, 40 पासून 80 च्या आत पिवळं आणि 80 किंवा त्याहून वर निळं मिळतं. बहुतेक सवलती 40 टक्क्यांपासून सुरू होतात. पोर्टलवर अर्जाला शुल्क नाही. ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा.

‘निरामय’ हा सरकारी आरोग्य विमा एक लाख रुपयांपर्यंतचा आहे, पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर होणारा परिणाम), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच आहे. फक्त एडीएचडी असेल तर तो मिळत नाही.

खासगी थेरपिस्टकडे जायची वेळ आली, तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. खरा तज्ज्ञ तो लगेच सांगतो. सरकारी शाळेत घालताना मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि सोबत डीईआयसीचा अहवाल जोडा. तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडून समग्र शिक्षा अभियानातल्या विशेष शिक्षकाची मदत मागा. अर्जाच्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.