पहिला तास हुकला म्हणून माया आटत नाही

जन्मल्याबरोबर बाळ आईच्या कुशीत आलं नाही, तर दोघांचा ऋणानुबंध जुळत नाही, असं कोकणातही बाळंतिणीला ऐकवलं जातं. सिझेरियन झालेल्या, किंवा बाळ काचेच्या पेटीत असलेल्या आईने हे ऐकून करायचं काय?

या समजाला बळ मिळालं १९७०च्या दशकात, क्लाउस आणि केनेल या अमेरिकी डॉक्टरांच्या संशोधनातून. पुढे त्यांनी स्वतःच ही भूमिका सैल केली. पहिल्या तासातला स्पर्श उत्तमच. बाळाला ऊब मिळते, अंगावर पाजणं सोपं जातं. पण ओढ महिनोन्‌महिने घडते, साधारण सहा-सात महिन्यांनी ठळक दिसते. आणि तीही एकट्या आईशी नव्हे. शाफर आणि इमर्सन या संशोधकांनी १९६४मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या ६० बाळांचा अभ्यास मांडला. दीड वर्षाची होईतो बहुतेकांना एकाहून अधिक माणसांचा लळा लागला होता. आई मासळी विकायला गेली की बाळ आजीपाशी रमतं, त्यात आईचं काही हरवत नाही.

राहिलं ऋणानुबंधामागचं अध्यात्म. पाचवी-सहावीला सटवाई पुजणारी हीच घरं गोकुळाष्टमीला कान्हा यशोदेचा म्हणतात. जन्मल्यावर देवकीच्या कुशीत तो असा किती वेळ होता?