१.९ जीबीची फाइल आहे पण उघडत नाही, म्हणजे आत नेमकं काय झालंय?

माझी मावसबहीण दहावीच्या मुलांना भूमिती शिकवते, फोनवर स्क्रीन रेकॉर्ड करून धडे ग्रुपवर टाकते. मागच्या आठवड्यात ५२ मिनिटं शिकवून झालं आणि फोन हँग होऊन आपोआप रीस्टार्ट झाला. फाइल दिसतेय, १.९ जीबी आहे, पण कुठल्याच प्लेअरमध्ये चालत नाही. मोबाइलच्या दुकानात सांगितलं की करप्ट झालीय, डिलीट करून टाका. नशीब की ताईने आधी मला फोन केला. "अरे, आकृत्या काढायलाच दोन तास गेलेत माझे, बघ ना काही होतंय का."

करप्ट म्हटलं की आपल्याला वाटतं आतला माल सडला. अशा फाइलमध्ये बहुतेकदा तसं काही झालेलं नसतं. चित्रं, आवाज जवळजवळ सगळं जागच्या जागी असतं, फक्त नोंदवही लिहायची राहिलेली असते.

एमपी४ ही फाइल डब्यांची बनलेली असते, ही रचना मुळात ॲपलच्या १९९१ मधल्या क्विकटाइमवरून आलीय. प्रत्येक डब्याच्या तोंडाशी ४ बाइटमध्ये त्याचा आकार आणि पुढच्या ४ बाइटमध्ये त्याचं नाव. 'एमडॅट' नावाच्या डब्यात चित्रं आणि आवाज भरलेले, आणि 'मूव्ह' नावाच्या डब्यात त्यांची नोंद: कुठली फ्रेम (व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र) कुठून सुरू होते, किती बाइटची आहे, किती वेळ दाखवायची. आता किती फ्रेम होणार हे रेकॉर्डिंग थांबेपर्यंत कुणालाच माहीत नसतं. म्हणून गोदामात दिवसभर माल उतरवून घ्यावा आणि वही रात्री लिहावी तसं रेकॉर्डर स्टॉप दाबल्यावरच हा डबा लिहितो. स्टॉप दाबायच्या आधीच फोन गेला तर वहीच नाही. एफएफएमपेग हा प्रोग्रॅम तेव्हा 'मूव्ह अ‍ॅटम नॉट फाउंड' असं सांगतो.

ही वही किती लहान असते बघा. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर ५२ मिनिटांत ९३,६०० फ्रेम, आणि आवाजाचे साधारण १,४६,२५० तुकडे. प्रत्येकाचा आकार लिहायला ४ बाइट लागतात, म्हणजे आकारांची सगळी यादी एक एमबीचीही होत नाही. तेवढ्यासाठी १.९ जीबी अडून बसलेत!

मग फ्रेम शोधायच्या कशा? मला यातला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. एच.२६४ या पद्धतीने दाबून लहान केलेलं चित्र एमपी४ मध्ये ठेवताना त्याच्या प्रत्येक तुकड्याआधी सहसा ४ बाइटमध्ये त्याची लांबी लिहिलेली असते. समजा ते बाइट आहेत ०, ०, २६, ६०. २६ गुणिले २५६ अधिक ६०, म्हणजे ६,७१६. पुढचा बाइट तुकड्याचा प्रकार सांगतो, १०१ असेल तर बहुतेक पूर्ण चित्र, ६५ असेल तर आधीच्या चित्रापासून काय बदललं तेवढंच. आता ६,७१६ बाइट पुढे उडी मारायची. तिथे पुन्हा पटण्यासारखी लांबी आणि पुन्हा ६५ सापडला तर आपण बरोबर वाटेवर आहोत, पुढची उडी मारायची, आणि भलताच आकडा आला तर मागे येऊन विचार करायचा. एकेक दगडावर पाय ठेवत ओढा ओलांडावा तशी ही वाट आहे आणि चालता चालता आपलीच वही तयार होत जाते.

अडचण आवाजाची. एएसी या पद्धतीने दाबलेल्या आवाजाचे तुकडे एमपी४ मध्ये नुसते एकाला एक चिकटून असतात, पुढे लांबी नाही की खूण नाही. तिथे आवाज उलगडणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे डीकोडरलाच विचारावं लागतं की हा तुकडा कुठे संपला. आणि चित्र उलगडायला लागणारी मूळ माहिती (रुंदी, उंची, चित्र दाबणाऱ्या एन्कोडरची सेटिंग) तीही त्या न लिहिलेल्या डब्यातच जाणार होती. म्हणून 'अनट्रंक' नावाचं फुकट मिळणारं ओपन सोर्स टूल त्याच फोनवर, त्याच सेटिंगला केलेली एक धड फाइल मागतं. मी ताईकडून १० सेकंदांचं रेकॉर्डिंग मागवलं, तेवढं पुरतं.

फाइल उघडली पण चित्र पळत सुटलं. कारण असं की स्क्रीनवर काही बदललं नाही तर फोन सहसा नवी फ्रेम बनवतच नाही. पायथागोरसच्या आकृतीवर ताई जवळजवळ चार मिनिटं नुसती बोलते, आकृती तशीच, म्हणजे तेवढ्या वेळात मोजक्याच फ्रेम. कुठली फ्रेम किती वेळ धरायची हे वहीत जायचं होतं, ते गेलंच नाही, त्यामुळे सगळ्या फ्रेम सारख्या वेगाने धावल्या. इथे आवाज घड्याळासारखा कामाला येतो. ४८,००० हर्ट्झला, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले तर, एएसीचा प्रत्येक तुकडा १,०२४ नमुन्यांचा, म्हणजे २१.३३ मिलिसेकंदांचा, आणि फाइलमध्ये चित्र नि आवाज आलटून पालटून लिहिलेले असतात. दोन फ्रेमच्या मध्ये आवाजाचे किती तुकडे आले ते मोजलं की मधला वेळ अंदाजे कळतो. तसं जुळवत बसलो, एक रविवार गेला.

शेजाऱ्यांनी तिला सुचवलं होतं की नावातलं .एमपी४ काढून .एमकेव्ही (व्हिडिओ फाइलचा दुसरा प्रकार) लिही, चालतं. नाही चालत, नाव बदलल्याने आतला एक बाइटही हलत नाही. आणि 'एआयने व्हिडिओ रिपेअर' म्हणणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर स्क्रीन रेकॉर्डिंग चढवू नका. त्यात वरून आलेलं बँकेचं नोटिफिकेशन असू शकतं, ओटीपी असू शकतो, मुलांची नावं असू शकतात. शिवाय जी फ्रेम लिहिलीच गेली नाही ती एआय फार तर मनाने रचेल, परत आणणार नाही. फाइल हेक्स एडिटरमध्ये (बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून बाइट सगळे शून्यच दिसले तर तिथे काहीच नाही, पैसे देऊ नका.

एमकेव्हीत माल छोट्या गठ्ठ्यांत बांधला जातो आणि प्रत्येक गठ्ठ्यावर त्याची वेळ लिहिलेली असते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तोवरचं सगळं चालतं. कॉम्प्युटरवर ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम वापरत असाल तर एमकेव्हीतच रेकॉर्ड करा, नंतर त्याच्याच मेनूतून रीमक्स करून (तोच माल दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये हलवून) एमपी४ मिळते आणि दर्जा तसूभरही कमी होत नाही.

ताईच्या फोनमध्ये ती सोय नाही. शेवटचे काही सेकंद सोडले तर तिचा धडा परत आला, आणि आता ती दर १५ मिनिटांनी स्टॉप दाबते. ते १० सेकंदांचं रेकॉर्डिंगही तिने फोनमध्ये तसंच ठेवलंय.