जुन्या घराचं काँक्रीट आणि शिकागोचा हिवाळा : कंत्राटदार नेमण्याआधी

शिकागो शहरात किंवा ओक पार्क, बर्विन, एव्हन्स्टन अशा जुन्या उपनगरांत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांसाठी हे पत्रक आहे. आमची फर्म छोटी आहे आणि इथलीच आहे. ड्राइव्हवे, घराभोवतीच्या पायवाटा, पुढच्या पायऱ्या, तळघराचा कोबा आणि पायाची किरकोळ दुरुस्ती एवढीच कामं आम्ही घेतो. तुम्ही काम आम्हाला द्या किंवा दुसऱ्या कुणाला द्या, पण माणूस पारखून द्या. इथे चुकलेलं काँक्रीट पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यातच पोपडे सोडायला लागतं, आणि मग ते फोडा, उचलून न्या, पुन्हा ओता असा दुहेरी खर्च अंगावर येतो.

पाहणीला आलेला माणूस आधी काय बघतो?

तो टेप काढून थेट चौरस फूट मोजायला लागला तर सावध व्हा. जाणकार माणूस आधी वर बघतो : छताच्या पन्हळी कुठे उतरतात, त्यांचं पाणी कुठे पडतं. मग खाली बघतो : जमिनीचा उतार घरापासून दूर आहे की घराकडे. मग तळघरात जाऊन भिंतीला हात लावतो.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. काँक्रीटच्या छिद्रांत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, दुपारी वितळतं, पुन्हा गोठतं. २० जानेवारी १९८५ला शिकागोचा पारा उणे २७ फॅरनहाइटपर्यंत उतरला होता. पण अशा एखाद्या कडाक्याच्या रात्रीपेक्षा नोव्हेंबर ते मार्चची ही रोजची गोठ-वितळ जास्त नासधूस करते. यावरचा उपाय म्हणजे काँक्रीट कालवतानाच त्यात हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे तयार करायचे, म्हणजे फुगणाऱ्या पाण्याला आतल्या आत जागा मिळते. ही युक्ती अमेरिकेत १९३०च्या दशकाच्या अखेरीस हाती आली. शिकागोचे प्रसिद्ध विटांचे बंगले बांधले गेले साधारण १९१० ते १९४० या काळात. म्हणजे तुमच्या घराचं मूळ काँक्रीट बहुधा या बुडबुड्यांशिवायचंच आहे. तरीही त्यातलं बरंच आज ठणठणीत आहे, कारण ते कोरडं राहिलं. त्याच घराच्या पन्हळीखालचा कोपरा मात्र हाताने खरवडला तरी भुगा होऊन पडतो.

म्हणून पन्हळीचं तोंड लांब वळवणं आणि उतार सुधारणं हे काम आम्ही नव्या काँक्रीटच्या आधी सुचवतो. घराच्या भिंतीपासून पहिल्या १० फुटांत माती ६ इंच उतरायला हवी. भिंतीलगत पायवाट असेल तर तिला फुटामागे पाव इंच उतार हवा. इथली माती चिकण आहे, पाणी धरून ठेवते. पायाभोवतीची भर वर्षानुवर्षं खचत जाते आणि पायवाट हळूहळू घराकडे झुकते. तळघरात ओल येते म्हणून आतून रंग लावून घेणारे पुष्कळ भेटतात. बाहेरची झुकलेली फरशी तशीच राहिली तर तो रंग वाया जातो.

जमिनीखाली काय आहे ते आधी बघा

नव्या घरात आणि जुन्या घरात सगळ्यात मोठा फरक इथे आहे. शिकागोत १९८६पर्यंत घरात पाणी आणणारी नळी शिशाचीच घालण्याचा नियम होता. ही नळी नेमकी तुमच्या पुढच्या पायवाटेखालून जात असेल आणि ती पुढेमागे बदलायची असेल, तर आज तिच्यावर नवं काँक्रीट ओतण्यात शहाणपण नाही. आधी नळी, मग वाट. शिवाय जवळच्या खोदकामाच्या हादऱ्यांनी पाण्यात उतरणारं शिसं काही काळ वाढू शकतं. लहान मुलं घरात असतील तर याबद्दल कंत्राटदाराशी आधीच बोला. शहरात राहत असाल तर ३११वर (महापालिकेच्या मदत क्रमांकावर) फोन करून पाणी तपासण्याचा संच मोफत मागवता येतो.

सांडपाण्याचा नळ बहुधा भाजलेल्या मातीचा असतो, आणि सांध्यांतून झाडांची मुळं आत शिरलेली असतात. ड्राइव्हवे ओतण्याआधी त्या नळात कॅमेरा घालून बघून घ्या. नवाकोरा ड्राइव्हवे दोन वर्षांत मधोमध फोडायची वेळ येते ती बहुतेक याच कारणाने.

पिल्सनसारख्या जुन्या वस्तीत काही फुटपाथ आतून पोकळ आहेत. एकोणिसाव्या शतकात रस्त्यांची पातळी उचलली गेली तेव्हा खाली कमानींच्या खोल्या राहिल्या. तिथे फुटपाथला हात लावायचा तर इंजिनिअरशिवाय लावू नये, आणि सार्वजनिक फुटपाथसाठी शहराची परवानगीही लागते. कुठेही खोदण्यापूर्वी ८११वर फोन करून गॅस आणि विजेच्या लाइनी आखून घेणं बंधनकारक आहे. “एवढंसं तर खणायचंय” म्हणून हे टाळणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

पायाच्या भेगांबद्दल थोडक्यात : उभी, केसाएवढी भेग असेल तर ती आम्ही भरू शकतो. भेग आडवी असेल आणि भिंत आत फुगलेली दिसत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. अशा भिंतीवर सिमेंट फासून देणारा तुमचा धोका फक्त झाकतो. जुन्या विटांचंही असंच. शिकागोतल्या जुन्या घरांच्या मागच्या भिंतींची वीट मऊ आहे आणि तिचा सांधा चुन्याचा आहे. त्या दरजा कडक सिमेंटने भरल्या की सांधा टिकतो आणि विटेचा दर्शनी भाग सुटून पडतो. दरजा कशाने भरणार, हा प्रश्न जरूर विचारा.

गावाकडची सवय इथे चालत नाही

आपल्यापैकी बहुतेकांनी पुण्या-नाशकात घरं बांधली जाताना पाहिली आहेत. स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचं, सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, वरून सिमेंटची नीरू ओढून गुळगुळीत करायचं. तिथे ते योग्यच आहे. इथे ऑक्टोबरअखेर आळी केली तर रात्री तिचा बर्फ होतो. म्हणून ओलावा आत कोंडून ठेवणारं औषध फवारतात किंवा वर कापड-प्लॅस्टिक अंथरतात.

नीरूचा आग्रह तर कृपया अजिबात धरू नका. काँक्रीट पसरल्यावर पाणी वर येतं आणि काही वेळ पृष्ठभाग चमकतो. ती चमक जाईपर्यंत गवंड्याने थापी बाजूला ठेवायला हवी. घाईने तेच पाणी आत घोटलं, किंवा वरून पाणी शिंपडून, कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटलं, तर वरचा पातळ थर अशक्त होतो. त्या दिवशी तो आरशासारखा दिसतो आणि मार्चमध्ये बोटाच्या नखाएवढे पापुद्रे सुटून खालची खडी उघडी पडते. बाहेरचं काँक्रीट झाडू फिरवून खरखरीतच ठेवावं. बर्फात पायही घसरत नाही.

हवा ४० फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर तयारी वेगळी लागते. गोठलेल्या जमिनीवर काँक्रीट कधीच ओतायचं नाही, कारण जमीन वितळली की ते खचतं. नव्या काँक्रीटची ताकद ५०० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब सोसतं याचं माप) पोचेपर्यंत ते गोठता कामा नये, म्हणून वर उबदार गाद्या अंथरतात. लवकर घट्ट व्हावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालणारे असतात. आत सळई असेल तर ते नको, सळई गंजते. क्लोराइडविरहित पर्याय मिळतो. आमचं स्वतःचं धोरण असं की बाहेरची कामं मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच करायची. नोव्हेंबरात नेहमीच्याच दराने “होऊन जाईल” म्हणणाऱ्याला गाद्या कुठे आहेत ते दाखवायला सांगा.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक आकडा लक्षात ठेवा : ४२ इंच. इथे जमीन इतकी खोल गोठू शकते असं धरून पाया घेतात. पायऱ्यांचा पाया त्याहून उथळ असला की हिवाळ्यात पायऱ्या वर उचलल्या जातात, उन्हाळ्यात खाली बसतात, आणि दरवाजापाशी फट पडते.

ट्रकची चिठ्ठी

रेडीमिक्सचा, म्हणजे कारखान्यात कालवलेल्या काँक्रीटचा, ट्रक आला की ड्रायव्हरकडे एक छापील चिठ्ठी असते. तिची प्रत तुम्हाला मिळेल, असं करारातच लिहून घ्या. तिच्यावर बघायचं ते इतकंच : ताकद ४००० पीएसआय किंवा जास्त, हवा (म्हणजे वर सांगितलेले बुडबुडे) सुमारे ६ टक्के, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ किंवा कमी, माल कालवल्याची वेळ, आणि ‘जागेवर घातलेलं पाणी’ असा रकाना. हा शेवटचा रकाना नीट वाचा. माल सरसर पसरावा म्हणून पाइप लावायचा मोह कामगारांना होतो. एका घनयार्डात एक गॅलन जादा पाणी गेलं तरी ताकद साधारण २०० पीएसआयने घटते.

ड्राइव्हवे ४ इंच जाड असेल तर ८ ते १० फुटांवर सांधे (भेग ठरल्या रेषेत पडावी म्हणून खाचा) कापावेत, निदान एक इंच खोल. घराच्या भिंतीला काँक्रीट थेट चिकटवू नये. मध्ये अर्ध्या इंचाची पट्टी आणि वर सीलंट हवं. खाली ४ ते ६ इंच खडी, धुमसून घट्ट केलेली. खराब झालेल्या जुन्या फरशीवर पातळ थर ओतून स्वस्तात नवं करून देण्याचं काम आम्ही घेत नाही, ते टिकत नाही.

कागद

इलिनॉयमध्ये काँक्रीट कंत्राटदाराला राज्याचा परवाना लागत नाही. छतवाल्याला आणि प्लंबरला लागतो. त्यामुळे पारखण्याची जबाबदारी तुमच्यावरच येते. घरदुरुस्तीचं काम १००० डॉलरच्या वर असेल तर लेखी करार कायद्याने आवश्यक आहे, आणि ग्राहकहक्कांची पुस्तिकाही कंत्राटदाराने द्यायची असते. विम्याचं प्रमाणपत्र त्याच्याकडून न घेता विमा एजंटकडून थेट मागवा.

मुख्य कंत्राटदाराला तुम्ही पूर्ण पैसे दिले आणि त्याने रेडीमिक्सवाल्याचे थकवले, तर तो मालवाला तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो. म्हणून पैसे देण्याआधी कुणाकुणाचं किती देणं आहे याचं शपथपत्र घ्या आणि प्रत्येकाकडून हक्क सोडल्याचा कागद घ्या. आम्ही हे न मागता देतो. आगाऊ रक्कम एक तृतीयांशापेक्षा जास्त घेत नाही.

“शेजारच्या कामातला माल उरलाय, निम्म्यात करून देतो” असं म्हणत कुणी दार वाजवलं तर नम्रपणे नाही म्हणा. कालवलेलं काँक्रीट गिऱ्हाईक शोधत फिरण्याइतका वेळ टिकत नाही.

स्थानिक माणूस घ्या, असं आम्ही म्हणतो ते याचसाठी : त्याला तुमच्या गावाच्या परवान्याचे नियम माहीत असतात, माती माहीत असते, आणि एप्रिलमध्ये बोलावलं की तो येऊ शकतो. हमी निदान एका पूर्ण हिवाळ्याची लिहून घ्या. तीन-चार वर्षांपूर्वी केलेल्या कामांचे पत्ते मागा आणि स्वतः जाऊन बघा. गेल्या महिन्यातलं काम सगळ्यांचंच छान दिसतं.

काम झाल्यावर

पायी दुसऱ्या दिवशी, गाडी सात दिवसांनी. पहिल्या हिवाळ्यात बर्फ वितळवायचं मीठ टाकू नका, वाळू टाका. अमोनियम सल्फेट किंवा नायट्रेट असलेली पाकिटं तर कधीच नको, ती काँक्रीटच खातात.

आम्हाला पाहणीला बोलवायचं असेल तर आधी चार फोटो पाठवा : पावसात पन्हळीचं पाणी पडतं ती जागा, तळघराचा सगळ्यात ओला कोपरा, पाण्याची नळी घरात शिरते तिथला भाग, आणि ज्याचं काम करायचंय ते काँक्रीट. घर कोणत्या साली बांधलं तेही लिहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कळवलंत तर वसंतातली तारीख मिळणं सोपं जातं.