डोळे आलेत की काचबिंदूचा झटका?

डोळे येणं नव्यानं सांगायला नको. 2023 च्या पावसाळ्यात आळंदीकडून साथ पसरली, तेव्हा घरोघरी एकतरी लाल डोळा होताच. खुपतं, पाणी किंवा पू येतो, सकाळी पापण्या चिकटतात. बहुतेकांना आठवडा-दोन आठवड्यांत बरं वाटतं.

पण लाल डोळा दिसला की 'डोळे आले' म्हणून मोकळं होणं मला मुळीच पटत नाही. काचबिंदूच्या, म्हणजे डोळ्याच्या आतला दाब वाढून नजर जाऊ शकते अशा आजाराच्या, तीव्र झटक्यातही डोळा लालच होतो. लालीवरून ठरवायला गेलात तर फसाल, नजर तपासा. डोळे आले असतील तर चिपडं पुसली, दोनदा पापण्या मिटल्या की बहुधा पुन्हा स्वच्छ दिसतं. झटक्यात कितीही पुसा, धुकं हटत नाही, कारण ते वर साचलेलं नसतंच. डोळ्याच्या आतल्या पाण्याचा (अश्रूंचा नव्हे) निचरा अचानक अडतो, दाब 10 ते 21 मिमी पाऱ्याच्या नेहमीच्या पट्ट्यातून 40-50 च्याही वर जातो आणि पुढचा पारदर्शक पडदा सुजून धुरकट होतो. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात ती या सुजेमुळेच.

आमच्या आत्याला तिन्हीसांजेला ट्यूबलाइटभोवती असं कडं दिसलं. मग कपाळ ठणकायला लागलं, उलट्या झाल्या. घरच्यांनी पित्त समजून आलेपाक दिला आणि डोळा लाल म्हणून नातवाचे उरलेले थेंब घातले. अख्खी रात्र गेली. इथे तासांवर नजर अवलंबून असते! गोळ्या-थेंबांनी, गरज पडल्यास शिरेतून औषध देऊन दाब उतरवतात, मग आतल्या पाण्याला वाट मिळावी म्हणून लेसरने बुबुळाच्या रंगीत पडद्याला बारीकसं छिद्र पाडतात.

जंतूंमुळे काचबिंदू होतो का, हेही सारखं विचारलं जातं. साध्या डोळे येण्याचा काचबिंदू होत नाही. क्षयासारख्या आजारात डोळ्याच्या आत सूज आली तर दाब वाढू शकतो, पण ते क्वचित. जास्त धोका दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांचा. प्रतिजैविकाच्या जोडीला त्यात स्टेरॉइड असतं, लाली पटकन उतरते, म्हणून लोक तीच बाटली पुन्हा पुन्हा आणतात. काही आठवडे घालत राहिलं तर साधारण तिघांतल्या एकाचा दाब वाढतो, तोही न दुखता. बाटलीवर डेक्सामिथेसोन, बीटामिथेसोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल, तर नेत्रतज्ज्ञांनी सांगितलेल्या दिवसांपलीकडे एक थेंबही घालू नका.