सेल्फ-सेंटरिंग चक मध्य कुठे चुकवतो

लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणारे यंत्र, तो तुकडा म्हणजे जॉब, आणि त्याला पकडणारा तो चक. तीन जॉचा (जबड्यांचा) चक ‘सेल्फ-सेंटरिंग’, म्हणजे त्यात पकडलेला जॉब बरोब्बर मध्यावर बसणारच, असा समज पहिला लेथ घेणाऱ्यांत सर्रास दिसतो. जाहिरातीही तो जोपासतात. पण चांगल्या स्थितीतल्या साध्या थ्री-जॉ चकमध्ये गुळगुळीत गोल सळई पकडून डायल (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मापक) लावा आणि चक फिरवा, काटा ०.०५ ते ०.१ मिमी सहज हलतो.

कारण चकच्या पोटात आहे. तिथे स्क्रोल नावाची तबकडी असते आणि तिच्या तोंडावर आर्किमिडीजच्या सर्पिलाची खाच. तबकडीची एक फेरी झाली की तिन्ही जॉ एका पिचने, म्हणजे खाचेच्या दोन वेढ्यांमधल्या अंतराने, सरकतात. खाच एकच आणि जॉ १२० अंशांवर, म्हणून त्यांचे दात एकमेकांपासून तृतीयांश पिचने पुढेमागे कापलेले असतात. जॉवर १, २, ३ आकडे असतात ते यासाठी. क्रम चुकला तर जॉ मध्यावर भेटतच नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. सर्पिलाची वक्रता केंद्राजवळ जास्त, कडेला कमी. जॉच्या दातांची वक्रता मात्र एकदा कापली की कायमची. त्यामुळे दात खाचेला पूर्ण अंगाने टेकत नाही. अरुंद पट्टीवर टेकतो. सगळा दाब त्या पट्टीवर, झीजही तिथेच. वर्षानुवर्षे २५ मिमीचेच बार पकडलेला चक म्हणूनच २५ला एक चूक दाखवतो, ६०ला वेगळी.

एकदा पकडून सगळे टर्निंग उरकणार असाल तर ही चूक आड येत नाही. जॉब उलटून पुन्हा पकडायचा असेल तर फोर-जॉ इंडिपेंडंट, म्हणजे प्रत्येक जॉ स्वतंत्र हलणारा चक, घ्या. डायलचा काटा ०.२० फिरला तर केंद्र ०.१० सरकलेले, हे ध्यानात ठेवून समोरासमोरचे जॉ हलवले की ०.०१पर्यंत पोचता येते. बारीक सळयांना कॉलेट, म्हणजे सळईभोवती सगळीकडून आवळणारी चिरा पाडलेली नळी, बरा. ईआर-३२ या प्रमाणित मापाच्या कॉलेटचा संच २ ते २० मिमी सांभाळतो.

वेग दुप्पट केला की जॉना बाहेर ओढणारे केंद्रोत्सारी बल चौपट होते आणि पकड सैलावते. चकवर कोरलेली कमाल आरपीएम पाळा आणि चावी चकमध्ये कधीच सोडू नका. लेथला टांगलेल्या लिंबू-मिरचीने यातले काहीच टळत नाही.

तोच जॉब शेकड्याने करायचा असेल तर सॉफ्ट जॉ (कापता येणारे मऊ धातूचे जॉ) लावून ते त्याच लेथवर, जॉबच्या मापाला बोअर करा, म्हणजे आतून कोरा. बोअर करताना जॉमध्ये एक रिंग घट्ट पकडलेली हवी, म्हणजे स्क्रोलची ढिलाई प्रत्यक्ष कामात असते त्याच बाजूला दाबलेली राहते.